कौलांवरील शेवाळ व काळे डाग

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची घरे कौलारू आहेत, आणि ज्यांची नाहीत त्यांच्याही आजोळी एखादे कौलारू घर बहुधा असेलच. भट्टीतून नुकतेच आलेले मंगलोरी कौल कसे तांबडेलाल दिसते हे सर्वांच्या परिचयाचे आहे. चार-पाच पावसाळे त्यावरून गेले की तेच कौल ओळखू येत नाही. कोठे काळे ओघळ उतरलेले, कोठे हिरवी बुरबुर, कोठे नारिंगी छटा, तर कोठे राखी रंगाचे वाटोळे चकते, असे त्याचे रूप होते. गृहस्थ अंगणात उभा राहून वर पाहतो आणि मनात म्हणतो, "कौले कुजू लागली वाटते!" मग कोणी रंग लावण्याची सूचना करतो, कोणी तेजाब ओतावयास सांगतो, कोणी यंत्राने पाण्याचा मोठा फवारा मारून देतो म्हणून पैसे मागतो. ह्यांपैकी कोणते करावे आणि कोणते मुळीच करू नये, ह्याचा विचार आज करावयाचा आहे. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु ह्यात घराच्या लाकडाचा, विहिरीच्या पाण्याचा आणि प्रसंगी माणसाच्या जिवाचाही प्रश्न गुंतलेला आहे.

प्रथम हे डाग कशाचे आहेत ते पाहू. काळा रंग दिसला की तो धुराचा किंवा धुळीचा असावा असे आपणांस वाटते, आणि स्वयंपाकघराच्या धुरांड्याजवळ ते खरेही असते. पण बाकीच्या पाख्यांवरील काळेपणा बहुतांशी सजीव असतो. ह्याची परीक्षा विद्यार्थ्यांनी स्वतः करावी. परसात पडलेला जुन्या कौलाचा एक काळा, कोरडा तुकडा घ्यावा, त्यावर पाण्याचे चार थेंब टाकावे आणि थोडा वेळ थांबावे. पुष्कळदा तो काळा थर पाणी पिऊन फुगतो, किंचित् बुळबुळीत होतो आणि त्यात हिरवट झाक दिसू लागते. काजळीचे असे होत नाही. काजळी ओली झाली तरी काळीच राहते.

हा काळा थर ज्या जीवांचा असतो त्यांना नील-हरित शैवाल म्हणतात. नाव शैवालाचे असले तरी शास्त्रज्ञ त्यांची गणना आता जीवाणूंत करतात, कारण त्यांच्या पेशीत केंद्रक नसते. सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने ते हवा व पाणी ह्यांपासून आपले अन्न करतात. आपण ज्या प्राणवायूवर जगतो तो पृथ्वीच्या वातावरणात प्रथम ह्यांच्याच पूर्वजांनी साठविला, आणि ते कार्य सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी घडले. आपल्या वळचणीवरचा डाग इतक्या थोर कुळातला आहे! उघड्या छपरावर ऊन फार. त्यातील अतिनील किरणांपासून बचाव करण्यासाठी ह्यांच्यापैकी अनेक जाती आपल्याभोवतीच्या बुळबुळीत आवरणात गडद रंगद्रव्य साठवितात. म्हणजे आपण ज्याला मळ म्हणतो ती त्या जीवाची छत्री होय. ह्यांचे दुसरे सामर्थ्य असे की, ते वाळून कोळ झाले तरी मरत नाहीत. नॉस्टॉक नावाच्या जातीचे वनस्पतिसंग्रहातील कित्येक दशके कोरडे पडलेले नमुने पाणी मिळताच पुनः वाढू लागल्याचे आढळले आहे. वैशाखाच्या उन्हाने शेवाळ मरून जाईल अशी आशा जे धरतात त्यांची निराशा का होते, हे ह्यावरून ध्यानात येईल.

नारिंगी किंवा विटकरी रंगाचा जो मखमलीसारखा थर दमट भिंतींवर, माडाच्या बुंध्यांवर आणि क्वचित् कौलांवरही दिसतो, त्याला लोक गंज समजतात. तो गंज नव्हे. ट्रेंटेपोलिया नावाचे ते खरे हिरवे शैवाल आहे. परंतु गाजराला ज्या जातीच्या द्रव्याने रंग येतो तशाच द्रव्याने त्याचा हिरवेपणा झाकून जातो. इ. स. २००१ च्या पावसाळ्यात केरळात काही ठिकाणी तांबडा पाऊस पडला व लोक भयचकित झाले. तपासाअंती त्या पाण्यात ह्याच शैवालाचे असंख्य बीजाणू सापडले.

राखी, पांढरट अथवा फिकट हिरवे जे चकते कौलाला घट्ट चिकटलेले असतात, ते आणखी निराळे. आपल्या मसाल्याच्या डब्यात जे दगडफूल असते त्याचे हे भाऊबंद होत. दगडफूल ही एक वनस्पती नसून बुरशी आणि शैवाल ह्यांचा एकत्र संसार आहे. बुरशीने घर बांधावे, पाणी धरून ठेवावे. शैवालाने अन्न शिजवावे. ही गोष्ट स्वित्झर्लंडमधील वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर ह्यांनी १८६७ मध्ये प्रथम मांडली, तेव्हा त्या काळचे मोठमोठे पंडित त्यांच्यावर तुटून पडले. विरोधकांत विल्यम नायलँडर हेही होते. मौज अशी की, ह्याच नायलँडर ह्यांनी १८६६ मध्ये दुसरा एक महत्त्वाचा शोध लावला होता: पॅरिसच्या धुराड्या भागांतून नाहीशी झालेली दगडफुले लक्झेंबर्ग उद्यानात मात्र टिकून आहेत, तेव्हा त्यांवरून हवेची शुद्धता ओळखता येईल. छपरावर दगडफुले भरपूर असतील तर निदान आपल्या गावची हवा गंधकाच्या धुराने दूषित झालेली नाही, एवढे समाधान मानावयास हरकत नाही.

चौथा पाहुणा म्हणजे हरिता, ज्याला आपण सरसकट 'मऊ शेवाळ' म्हणतो. श्रावणात कौलांच्या सांध्यांतून हिरव्या गादीसारखे जे उगवते ते हेच. ह्याला खरी मुळे नसतात, धरून राहण्यापुरते बारीक तंतू असतात. परंतु पाणी शोषून धरण्यात ह्याचा हात कोणी धरणार नाही; आपल्या कोरड्या वजनाच्या कित्येक पट पाणी ते सहज साठविते. ह्या चौघांतून घराला खरा त्रास कोणाचा, असे आम्हांस विचाराल तर आम्ही निःशंकपणे ह्याच्याकडे बोट दाखवू. त्याचे कारण पुढे येईल.

आता ही मंडळी कौलावरच का येतात? त्यासाठी कौल म्हणजे काय हे थोडे समजून घ्यावे लागेल. पूर्वी कोकणात गवताची छपरे किंवा कुंभाराने घडविलेली नळीची कौले असत. खाचेत खाच बसणारे चपटे कौल युरोपात फ्रान्सच्या अल्सास प्रांतातील गिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये काढले. त्याच जातीचे कौल आपल्या देशात बनविण्याचा पहिला कारखाना १८६५ मध्ये बासेल मिशनचे जॉर्ज प्लेब्स्ट ह्यांनी मंगळूर येथे सुरू केला. नेत्रावती व गुरुपूर ह्या नद्यांच्या काठची चिकणमाती त्या कामास उत्तम ठरली, आणि गलबतांतून ती कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. कारखाने पुढे अनेक ठिकाणी निघाले, तरी नाव मंगळूरचेच राहिले.

हे कौल भाजलेल्या मातीचे असल्यामुळे त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. बशीसारखा काचेचा लेप त्यावर नसतो. म्हणून ते पाणी पिते. किती पिते हे वर्गात मोजता येईल. कौलाचा तुकडा उन्हात पूर्ण वाळवून त्याचे वजन करावे, मग चोवीस तास पाण्यात बुडवून, वरचे पाणी पुसून पुनः वजन करावे. समजा, दोन किलो वजनाचे कौल भिजल्यावर २ किलो ३०० ग्रॅम भरले. तर शेकडा १५ पाणी त्यात मुरले. मंगलोरी कौले एका चौरस मीटरास साधारण १५ लागतात. शंभर चौरस मीटरांच्या छपराला दीड हजार कौले झाली. प्रत्येकात ३०० ग्रॅम पाणी धरले तर एकंदर ४५० किलो, म्हणजे साडेचार क्विंटल पाणी नुसत्या कौलांच्या पोटात! पावसाळ्यात वाशांवर हा भार असतोच. कौल जितके चांगले भाजलेले तितके ते कमी पाणी पिते; आणि जे कमी पिते ते लवकर वाळते व त्यावर शेवाळ कमी धरते. विकत घेताना कौलावर बोटाच्या पेरांनी टिचकी मारून नाद ऐकण्याची जी जुनी चाल आहे तिच्यात हेच शहाणपण आहे. खणखणीत वाजते ते भाजलेले, बद्द वाजते ते कच्चे किंवा तडकलेले.

ओलावा, उजेड, धरून राहण्यास खडबडीत जागा आणि थोडीशी धूळ किंवा पाखरांची विष्ठा एवढे मिळाले की शेवाळाचा संसार सुरू होतो. कोकणात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. मग ओलाव्यास काय तोटा? इंग्रजी पुस्तकांतून असे लिहिलेले असते की, छपराच्या उत्तरेकडील पाखीवर शेवाळ येते, कारण तिकडे ऊन पडत नाही. विद्यार्थी ते पाठ करतात. परंतु ती पुस्तके उत्तरेकडील थंड देशांसाठी लिहिलेली आहेत. रत्नागिरी सुमारे १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या आरंभापर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेकडेच कललेला असतो, आणि ऐन पावसाचा काळ तोच. तेव्हा पावसात उघडीप पडली तर उत्तरेकडील पाखीलाच ऊन अधिक मिळते. पुढे भाद्रपद-आश्विनापासून सूर्य दक्षिणेकडे जातो व उत्तरेची बाजू उशिरा वाळू लागते. शिवाय नैर्ऋत्येचा पाऊस ज्या पाखीवर झोडपतो ती अधिक भिजते. असे उलटसुलट कारणांचे गुंतवळ असल्यामुळे आमच्याकडे होकायंत्रापेक्षा झाडाची सावली पाहणे अधिक उपयोगाचे. फणसाची किंवा आंब्याची फांदी जिच्यावर आली आहे ती पाखी कोणत्याही दिशेला असो, शेवाळ प्रथम तिच्यावरच येते. आपल्या गावात हा नियम कितपत खरा ठरतो हे प्रत्येकाने दहा घरे पाहून ताडून पाहावे.

हा त्रास एकट्या कोकणाचा आहे असे नव्हे. अमेरिकेच्या आग्नेय भागात, जेथे हवा उष्ण व दमट असते, तेथे डांबरी पापुद्र्यांची छपरे घालतात. त्यांवरही असेच काळे ओघळ येतात. ग्लिओकॅप्सा नावाचे नील-हरित शैवाल त्यांचे कारण आहे, आणि त्या पापुद्र्यांत भर म्हणून घातलेली चुनखडीची पूड त्याला मानवते असे मानतात. तेथील लोकांना एक गोष्ट दिसून आली. छपरावर जेथे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा तांब्याची पट्टी बसविलेली असे, तिच्या खाली डाग नसलेला स्वच्छ पट्टा राही. पावसाच्या पाण्यात त्या धातूचा अत्यल्प अंश विरघळतो, पाण्याबरोबर खाली वाहतो आणि शेवाळाला वाढू देत नाही. म्हणून आता तेथे पापुद्र्यांच्या खड्यांतच तांबे मिसळतात. आपल्याकडेही जस्ती पत्र्याच्या खालची कौले कधी कधी शेजारच्या कौलांपेक्षा उजळ दिसतात. त्याचे मर्म हेच.

आता मुख्य प्रश्न: ह्या सर्वांमुळे घराला अपाय होतो काय? येथे आमचे मत थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण ह्याच ठिकाणी लोकांचा पैसा व्यर्थ जातो. काळा डाग हा बहुधा केवळ दिसण्याचा दोष आहे. कागदाएवढा पातळ थर चांगल्या भाजलेल्या कौलाचे काही वाकडे करीत नाही. थंड देशांत मात्र गोष्ट वेगळी. तेथे ओलसर कौलात मुरलेल्या पाण्याचे हिवाळ्यात बर्फ होते, बर्फ फुगते आणि कौलाचे पापुद्रे सुटतात. म्हणून तेथील लेखक शेवाळाविषयी फार कडक लिहितात. आपल्या किनाऱ्यावर बर्फ कोठून येणार? त्यांचा औषधोपचार आपण जशाचा तसा उचलण्याचे कारण नाही. दगडफुले आम्ले सोडतात, आणि चुनखडीच्या दगडाला ती काही अंशी खातात हे खरे. पण त्यांची वाढ वर्षाला काही मिलिमीटरांपलीकडे सहसा जात नाही. ती खरवडून काढताना कौलाची कातडी निघते, ते नुकसान अधिक. जुन्या कौलावरची दगडफुले आम्ही तरी आहेत तशीच राहू देऊ.

हरितेची गोष्ट मात्र तशी नव्हे. मंगलोरी कौलाच्या कडेला ज्या खाचा असतात त्या पाणी वाहून नेण्यासाठी असतात. त्यांत पाचोळा अडकला, पाचोळ्याची माती झाली, मातीत हरिता रुजले, की खाच बुजते. मग पागोळीकडे जाणारे पाणी खाचेतून मागे चढते व कौलाच्या आतल्या बाजूस रिपेवर पडते. रीप पावसाळाभर ओली राहते, तिला बुरशी लागते, वाळवीही येते. खाली माजघरात गळतीचे पातेले मांडावे लागते आणि आपण म्हणतो, कौल फुटले. कौल पुष्कळदा शाबूत असते, खाच मात्र बंद झालेली असते. तसेच पन्हळीचे. पन्हळ शेवाळाने व पानांनी भरली की पाणी भिंतीवर उलटते आणि भिंतीच्या पायथ्याशी ओल धरते. ह्यास्तव रंगाकडे न पाहता खाचा, कोने आणि पन्हळी ह्यांकडे लक्ष द्यावे. दोन पाख्यांच्या कोपऱ्यात जेथे पाणी एकत्र येते, तेथील पाचोळा तर दरवर्षी काढलाच पाहिजे.

उपायांपैकी पहिला उपाय छपरावर नाहीच. तो झाडावर आहे. छपरावर आलेल्या फांद्या पावसाळ्यापूर्वी छाटाव्या. ऊन व वारा लागू लागला की निम्मे काम होते. दुसरा उपाय आपल्या वाडवडिलांचा आहे. चैत्र-वैशाखात घर शाकारण्याची, म्हणजे कौले उतरवून, फुटकी बदलून, रिपा पाहून पुनः बसविण्याची जी रीत आहे, ती पुष्कळ घरांतून आता वर्षाआड किंवा तीन वर्षांनीही पाळली जात नाही. मजुरी वाढली, माणसे मिळत नाहीत, मुलगे मुंबईस असतात. कारणे खरी आहेत. तथापि शेवाळावर ह्यासारखा उपाय आम्हांस दिसत नाही. कौल खाली अंगणात आले की ते काथ्याने किंवा खराट्याच्या बुडख्याने घासावे, खाचा बारीक काटकीने साफ कराव्या, पाण्याने धुवावे व कडक उन्हात वाळवून मग वर चढवावे. कौल खाली आणून घासणे आणि माणसाने वर जाऊन घासणे ह्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. खाली हातातून निसटले तर कौल फुटते एवढेच. सर्व छप्पर एका वर्षी होत नसेल तर एका वर्षी एक पाखी घ्यावी, आणि सावलीतली पाखी प्रथम घ्यावी.

डाग काढण्याची हौसच असेल तर विरंजक चूर्ण, ज्याला बाजारात ब्लीचिंग पावडर म्हणतात व पावसाळ्यात जी विहिरीत टाकतात, ती पुरेशी आहे. चांगल्या पावडरीत शेकडा तीसच्या आसपास क्लोरीन मिळण्याजोगा असतो. दहा लिटर पाण्यात १०० ग्रॅम पावडर ढवळली म्हणजे त्या पाण्यात शेकडा ०.३ क्लोरीन झाला. प्लास्टिकच्या बादलीत हे करावे, गाळ खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी कुंच्याने ओल्या कौलावर लावावे. पंधरा-वीस मिनिटांनी साध्या पाण्याने भरपूर धुवावे. शेवाळ पांढरे पडते व मरते. न निघालेले पुढच्या पावसात गळून जाते. डाग सजीव आहे की नाही ह्याची परीक्षाही ह्यानेच होते: एका थेंबाने रंग उडाला तर शेवाळ, न उडाला तर काजळी किंवा लोहाचा डाग. हे काम वडील माणसांनी करावे, हातमोजे घालावे, डोळ्यांस जपावे आणि वाऱ्याकडे पाठ करावी. अंगणात धुतल्यास ते पाणी विहिरीकडे, तळ्याकडे किंवा गुरांच्या कुंडीकडे जाऊ देऊ नये. छपराचे पाणी टाकीत साठविण्याची सोय असेल आणि कौले वरच धुतली असतील, तर पन्हळीचे तोंड टाकीपासून वळवून ठेवावे व पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी वाया जाऊ द्यावे.

एक गोष्ट पालकांनी फार कटाक्षाने पाळावी. विरंजक चूर्णात कोणतेही तेजाब, शौचकूप धुण्याचे आम्ल किंवा नवसागराचे सत्त्व असलेले द्रावण कदापि मिसळू नये. आम्लाशी संयोग होताच त्यातून क्लोरीन वायू मोकळा होतो. हा तोच वायू आहे की जो पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जममधील ईप्र गावाजवळ शत्रूच्या खंदकांवर सोडण्यात आला. 'दोन औषधे एकत्र केली म्हणजे गुण दुप्पट' हा समज न्हाणीघरात आणि छपरावर सारखाच घातक आहे.

मोरचुदाविषयीही विचारणा होते. सुपारीच्या बागांतून फळगळीच्या रोगावर मोरचूद व चुना ह्यांचे बोर्डो मिश्रण फवारतात. ते १८८५ मध्ये फ्रान्समधील मियार्दे ह्यांनी द्राक्षवेलींसाठी प्रसिद्ध केले. तांब्याने शेवाळ मरते हे निर्विवाद. पण तेच तांबे माशांना विष आहे, आणि छपरावरून वाहून ते जस्ती पत्र्याच्या पन्हळीवर पडले तर पत्रा लवकर खातो. छपरावर मोरचूद शिंपडण्यास म्हणून आमची संमती नाही. आढ्यालगत, कोन्यांच्या खाली जस्ताची अरुंद पट्टी बसविणे हा त्याहून सौम्य मार्ग होय. मात्र तिचा गुण थोड्या अंतरापर्यंतच पोचतो, आणि आधी छप्पर स्वच्छ केल्याशिवाय तिचा उपयोग नाही. शाकारणी चाललेली असतानाच ती बसवावी, मुद्दाम वर चढू नये.

यंत्राच्या जोरदार फवाऱ्याने शेवाळ क्षणात निघते व पाहणारा खूश होतो. त्या जोराने कौलाची वरची भाजीव कातडी खरवडली जाते, खाचांतून पाणी आत घुसते, आणि खडबडीत झालेल्या पृष्ठावर पुढील शेवाळ अधिक जोमाने येते. तेजाबाचे तर नावच नको. कौलाला ते फारसे लागले नाही तरी कोन्यांच्या सांध्यातील चुना व सिमेंट ते खाऊन टाकते. शेवाळ न काढता वरून रंग फासणे हे मळक्या अंगावर नवे धुवट घालण्यासारखे आहे. थोड्याच दिवसांत रंगाचे पोपडे शेवाळासकट सुटतात.

ज्यांच्या घरावर किंवा गोठ्यावर ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे जुने पत्रे आहेत त्यांनी वरील घासण्याधुण्यापैकी काहीच करू नये. त्या पत्र्यांत अतिसूक्ष्म तंतू असतात. पत्रा घासला, कापला किंवा फोडला की ते हवेत उडतात, श्वासावाटे फुफ्फुसात जातात व वर्षानुवर्षांनी दुर्धर रोग उत्पन्न करतात. शेवाळाचा थर त्यांवर राहिला तर राहो. शिवाय जुना पत्रा वरून धडधाकट दिसला तरी माणसाच्या वजनाने एकाएकी फुटतो.

गच्चीचे घर असेल तर विचार निराळा. तेथे शेवाळ येते ते पाणी तुंबल्यामुळे. गच्चीला शंभर सेंटिमीटरास निदान एक सेंटिमीटर उतार असावा, आणि पाणी जाण्याचे तोंड मोकळे असावे. नव्या सिमेंटवर पहिली काही वर्षे शेवाळ येत नाही, ह्याचे कारण त्यातील मोकळा चुना. चुन्याची निवळी इतकी अल्कधर्मी असते की तीत शेवाळ तग धरीत नाही. पुढे हवेतील कार्बन डायऑक्साइड त्या चुन्याशी संयोग पावतो, त्याची खडू बनते, आणि मग शेवाळाला मार्ग मोकळा होतो. गच्चीला दरवर्षी ताजी सफेदी देण्याने जो गुण येतो तो ह्याच कारणाने, आणि दरवर्षी द्यावी लागते तीही ह्याच कारणाने.

आता विद्यार्थ्यांशी दोन शब्द. चेंडू पडवीच्या छपरावर गेला की तुमच्यातील एखादा शूर गडी भिंतीवरून वर चढतो, हे आम्हांस ठाऊक नाही असे समजू नका. कोरडे शेवाळ काळ्या कागदासारखे निरुपद्रवी दिसते; एका सरीनंतर त्याचाच गिलगिलीत थर होतो, आणि उतरत्या कौलावर पाय ठरत नाही. मंगलोरी कौल मधोमध पाय दिल्यास फुटते. ज्यांचा तो धंदा आहे ते लोकही खाली रीप असेल अशा ठिकाणीच, आणि बहुधा शिडी आडवी टाकून तिच्यावरूनच वावरतात. तरीही शाकारणीच्या दिवसांत कोणी तरी खाली आल्याची वार्ता ऐकू येतेच. चेंडू काठीने काढता आला तर काढावा, नाही तर शाकारणीपर्यंत वरच राहू द्यावा.

छपराचा अभ्यास जमिनीवरून उत्तम होतो. अंगणात एक जागा ठरवून ठेवावी आणि ज्येष्ठापासून कार्तिकापर्यंत दर पंधरवड्यास तेथून छपराचे निरीक्षण करावे. कोणत्या पाखीवर हिरवा रंग प्रथम आला, पागोळ्या थांबल्यावर कोणती बाजू किती वेळाने वाळली, कोठल्या कौलाखाली पाण्याचा ओघळ आत उतरला, हे वहीत टिपावे. साधी आकृती काढून तीत झाडे व दिशा दाखवाव्या. वैशाखात गवंडी किंवा शाकारणारा येईल तेव्हा ती वही त्याच्या हाती द्यावी. कोठली कौले आधी उतरावयाची हे त्याला सांगावे लागणार नाही.